लेयर केकचा स्पंज: बटरचा करावा की तेलाचा?

चुलत बहिणीने मागच्या महिन्यात ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) घेतला आणि पहिला फोन मला केला. दादा, लेकाच्या वाढदिवसाला तीन लेयरचा केक घरीच करायचाय, बटर आणू की घरातलं सनफ्लॉवर तेल चालेल? अर्धा तास बोललो तरी सगळं सांगून झालं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो. मैदा चाळणं, डब्याला बटर पेपर लावणं, प्रीहीट वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतोय.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी नागपूरचा, घरी सहा-सात वर्षांपासून केक करतो, विकायला नाही, घरातल्या वाढदिवसांसाठी. घरात दोन वाढदिवस हिवाळ्यात येतात आणि दोन भर उन्हाळ्यात, आणि या एका गोष्टीने माझं मत बनलंय. तुम्ही महाबळेश्वरला राहत असाल तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं, ते मी मान्य करतो.

सुरुवातीची तीन वर्षं मी फक्त बटरचाच स्पंज केला. चवीला त्याला तोड नाही हे आधीच कबूल करतो. ओव्हनमध्ये बटरचा केक असला की बाहेर जिन्यापर्यंत वास जातो, तेलाच्या केकला तो वास येतच नाही. नुसता, क्रीम न लावता, चहासोबत खायचा असेल तर मी आजही बटरचाच करतो आणि डिसेंबरात संत्र्याची साल किसून घातलेला बटर केक आमच्याकडे दर वर्षी होतोच.

पण बटरचं काम तापमानावर फार अवलंबून असतं. बटर आणि साखर फेटतो ना आपण, त्यात साखरेचे कण बटरमध्ये घासले जातात आणि हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि पुढे बेकिंग पावडर नवीन बुडबुडे काही तयार करत नाही, ती आहेत तेच फुगवते. म्हणजे फेटताना जी हवा अडकली तीच तुमच्या केकची उंची. आणि ती अडकायला बटर साधारण १८ ते २० डिग्रीला हवं, बोट दाबलं की खळगा पडेल पण बोट चमकणार नाही असं. रेसिपीत लिहिलेलं असतं, रूम टेंपरेचरचं बटर. नागपुरात डिसेंबरच्या संध्याकाळी हे वाक्य खरं असतं. मे महिन्यात बाहेर ४५ आणि कूलर लावूनही खोलीत ३२-३३, त्यात बटर दहा मिनिटांत तेलकट होतं, मग त्यात कितीही फेटा, हवा काही धरत नाही आणि केक बसका होतो. यावर उपाय आहे, फ्रिजमधून काढलं की लगेच तुकडे करायचे, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेटायचं, थांबून थांबून. जमतं, मी केलंय. फक्त त्यात एक तास जातो आणि लक्ष सगळं तिकडेच लागून राहतं.

साखरेचंही थोडं आहे. आपल्याकडची साखर जाड असते, ती तशीच घातली तर फेटून विरघळत नाही, आणि पार पिठीसाखर केली तर घासायला कणच उरत नाहीत. मी मिक्सरला दोन-तीनदाच फिरवतो, रव्यासारखी झाली की बस. तेलाच्या केकला हा सगळा प्रश्नच नाही, तिथे अंडी आणि साखर फेटायची, आणि ४५ डिग्रीतही अंडी छान फुलतात, उलट गार अंड्यांपेक्षा लवकर फुलतात.

तेलाबद्दल लोकांच्या मनात एक अढी असते, की तेल म्हणजे काटकसर, बटर परवडत नाही म्हणून तेल. मला हे पटत नाही. शिफॉन केक नावाचा प्रकार आहे ना, तो तेलाचाच. लॉस एंजेलिसचा हॅरी बेकर, विमा विकणारा माणूस, त्याने १९२७ मध्ये तो तयार केला आणि वीस वर्षं कृती कोणाला सांगितली नाही, हॉलिवूडच्या बड्या मंडळींना केक करून द्यायचा. शेवटी १९४७ मध्ये जनरल मिल्सला कृती विकली आणि १९४८ मध्ये ती मासिकात छापून आली तेव्हा लोकांना कळलं की त्या हलकेपणामागे साधं स्वयंपाकाचं तेल आहे. तेव्हा तेल ही तडजोड आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांची पंचाहत्तरी होती. पंचवीस-तीस माणसं घरीच. मी बाजारातून चांगले पिकलेले बैगनफल्ली आंबे आणले, रस आटवला, आणि बटरचा तीन लेयरचा स्पंज रात्री अकरानंतर भाजला कारण दिवसा ओटीजी लावायची सोयच नव्हती. मध्ये आंबा आणि व्हिपिंग क्रीम. रात्रभर फ्रिजमध्ये. केक सुंदर झाला होता, कडा सरळ, लेयर एकसारखे. संध्याकाळी साडेसातला बाहेर काढला, फोटो झाले, औक्षण झालं, कापला. सुरी वरच्या क्रीममधून अलगद गेली आणि स्पंजवर अडकली. स्पंज थंड होऊन खोबऱ्याच्या वडीसारखा घट्ट झाला होता. बाबांना कवळी आहे. ते म्हणाले छान झालाय रे, आणि मी थोड्या वेळाने त्यांची प्लेट उचलली तर क्रीम आणि आंबा खाल्लेला, स्पंज तसाच बाजूला. ते मला फार लागलं.

कारण साधं आहे. बटर फ्रिजच्या ४-५ डिग्रीला घट्ट होतं, मग ते वडीच्या रूपात असो की केकच्या आत. तेल तिथेही पातळच राहतं. (फ्रिजमध्ये मैद्यातला स्टार्चही थोडा कडक होतो, तो दोन्ही केकमध्ये होतो, पण तेलाचा स्पंज ते झाकून नेतो.) पुस्तकं सांगतात की केक खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा म्हणजे स्पंज मऊ पडेल. बरोबर आहे. पण आमच्याकडे मे महिन्यात तासभर बाहेर ठेवला की क्रीम ओघळतं, आणि लेयर एकावरून एक सरकायला लागतात. म्हणजे स्पंजला बाहेर राहायचंय आणि क्रीमला आत, आणि दोघं एकाच केकमध्ये. मी खूप विचार केला यावर. अर्धा तास काढून पाहिला, वीस मिनिटं, एसीच्या खोलीत, प्रत्येक वेळी दोघांपैकी एकाचं नुकसान होतंच. बटरक्रीम लावा म्हणाल तर ते पण बटरच, ३२ ते ३५ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी वितळतं, आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी तेवढंच असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी दोन्ही स्पंज सहा इंचाच्या डब्यांत केले, तेच क्रीम लावलं, रात्रभर ठेवले आणि घरच्या सहा जणांना न सांगता दिले. फ्रिजमधून थेट काढून दिले तेव्हा चौघांनी तेलाचा उचलला, बाबा धरून. उरलेले तुकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीम काढून, बाहेर ठेवून मऊ झाल्यावर दिले, तेव्हा सगळ्यांनी बटरचा छान म्हटलं. मला तरी यातच उत्तर मिळालं, तुमच्या घरी वेगळं निघू शकेल.

तेलाच्या विरुद्ध काय आहे तेही सांगतो. एक म्हणजे ताजा असताना कापायला भुसभुशीत असतो, लेयर काढताना कडा तुटतात. मी गार झाल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवतो आणि मग दातेरी सुरीने कापतो, शिवणाचा दोरा वापरला तरी चालतं. दुसरं, तीन लेयरच्या वर जायचं असेल, फाँडंट (साखरेचं जाड आवरण) चढवायचं असेल, तर बटरचा स्पंज जास्त वजन पेलतो, तेलाचा खाली दबतो. तिसरं चव. तेलाला स्वतःची चव नाही, म्हणजे चव तुम्हाला आणावी लागते. व्हॅनिलाच्या साध्या केकमध्ये हे जाणवतं, आंबा, संत्रं, कॉफी असलं की जाणवत नाही. आणि चॉकलेटमध्ये तर मला तेलाचाच आवडतो, कोको गरम पाण्यात कालवून घातला की चव इतकी खुलते की बटरची आठवण येत नाही.

तेल कोणतं हे महत्त्वाचं. रिफाइंड सनफ्लॉवर किंवा राइस ब्रॅन. घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीला उत्तम पण केकला वास मारतं. खोबरेल तेल घेऊ नका, ते २४ डिग्रीच्या आसपासच गोठतं, म्हणजे फ्रिजमध्ये बटरची तीच गोष्ट परत.

बटरच्या रेसिपीत तेल घालायचं असेल तर तेवढंच घालू नका. बटरमध्ये फॅट ८० टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी बहुतेक पाणी. १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तेल आणि दीड मोठा चमचा दूध, असं. समान वजनाच्या जुन्या पद्धतीत अंडी सालासकट तोलून तेवढंच बटर, साखर, मैदा घेतात, ४ अंडी म्हणजे साधारण २०० ग्रॅम. माझा तेलाचा आठ इंची स्पंज म्हणजे ४ अंडी, २०० ग्रॅम साखर, २०० मैदा, १३० मिली तेल, १०० मिली दूध, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, १७० डिग्रीला ३५ मिनिटांच्या आसपास, तुमच्या ओटीजीप्रमाणे थोडं मागेपुढे. अंडी-साखर मात्र मनापासून फेटायची, बीटर उचलला की मिश्रणाची रिबनसारखी जाड धार पडली पाहिजे, आणि तेल शेवटी, धार लावून.

अंडं चालत नाही अशा घरात तर मला वाटतं प्रश्नच मिटतो. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, व्हॅनिला. इथे फुगायचं काम दही आणि सोडा करतात, हवेसाठी बटर लागतच नाही. फक्त मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये, ठेवून देऊ नका. लेयर केकसाठी ही कृती दोनदा वेगवेगळी करा, एका डब्यात दुप्पट ओतलं की मध्ये कच्चं राहतं.

क्रीमबद्दल थोडंच, तो वेगळा विषय आहे. पाकिटातलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम फेटून उभं राहत नाही, त्याला ३५ च्या आसपास लागतं. नॉन-डेअरी क्रीम उन्हात जास्त टिकतं पण चवीला मला डेअरी क्रीमच बरं वाटतं. काहीही घ्या, भांडं आणि बीटर आधी फ्रीझरमध्ये ठेवा आणि काम पहाटे करा. साखरेचा पाक लेयरला लावतात तो तेलाच्या स्पंजला अगदी कमी, प्रत्येकी दोन चमचे, बटरच्या स्पंजला मात्र भरपूर लागतो.

बहिणीच्या मुलाचा वाढदिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, ती अकोल्याला राहते, म्हणजे ऊन आमच्यासारखंच. तिला तेल सांगितलं. दातेरी सुरी मात्र माझी नेते म्हणाली.