सीलबंद पेटीतले खोटे हेडफोन : क्लोज्ड-बॅक घेताना फसवणूक कशी होते

ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम५०एक्स हे क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचे हेडफोन नवे घ्यायचे तर भारतात साधारण दहा हजारांच्या पुढेच पैसे मोजावे लागतात. पुण्यात साउंड रेकॉर्डिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते ४,८०० रुपयांत मिळाले. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सीलपॅक, गिफ्ट आलंय, वापरायचं नाही'. पेटीवरचं प्लास्टिक शाबूत होतं, आत तीन केबल, पाउच आणि माहितीपत्रक होतं. विकणाऱ्याने जागेवरच पेटी उघडू दिली, मोबाईलला लावून गाणं ऐकू दिलं. बास दणदणीत होता. पैसे यूपीआयने गेले. पुढे या हेडफोनवर केलेलं मिक्स संस्थेतल्या मॉनिटर स्पीकरवर वाजवलं, तेव्हा ढोलक आणि बास गिटार जवळजवळ गायब. हेडफोनच खालच्या स्वरात फुगलेले होते, म्हणून त्याने ते स्वर मिक्समध्ये कापले होते. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता.

आवाज ऐकूनही तो फसला, कारण अशी नक्कल पाच मिनिटांच्या ऐकण्यात पास होण्यासाठीच बनवलेली असते. गर्दीच्या जागी, मोबाईलवर, ओळखीचं गाणं लावलं की जास्त बास म्हणजे 'भारी आवाज' असंच वाटतं. क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये हे साधणं आणखी सोपं जातं. ओपन-बॅकची, म्हणजे मागून उघड्या कपाच्या हेडफोनची, जाळी काढली तर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, डोळ्यांना दिसतो. क्लोज्ड-बॅकचा कप बंद असतो, आत काय बसवलंय ते स्क्रू काढल्याशिवाय कळत नाही. मूळ हेडफोनचा आवाज ड्रायव्हरइतकाच कपातल्या हवेच्या आकारमानावर, आत लावलेल्या डॅम्पिंगवर (घुमारा शोषणाऱ्या अस्तरावर), बारीक छिद्रांवर आणि कुशनच्या पकडीवर ठरतो. नक्कल करणारा बाहेरचा साचा उतरवतो आणि आत स्वस्त ड्रायव्हर ठोकतो. डॅम्पिंग नसलं की एकाच पट्ट्यात घुमणारा बास मिळतो, आणि झांज, तानपुऱ्याची जवारी, श, स ही अक्षरं कोंदट होतात.

म्हणून कानावर विसंबू नका, मोजा. विद्यार्थ्याच्या या नगाचं पुढे जे मोजमाप झालं, ते घरी कुणालाही करता येईल.

पहिलं वजन. कंपनी एम५०एक्सचं वजन केबल सोडून २८५ ग्रॅम देते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. केबल काढून ठेवा आणि वजन करा. पाच-दहा ग्रॅमचा फरक काट्याचा असू शकतो. हा नग २४० च्या आत भरला. ज्या मॉडेलची केबल निघत नाही, उदाहरणार्थ सोनीचा एमडीआर-७५०६, तिथे केबल काट्याबाहेर उचलून धरावी लागते, आणि मग आकड्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी केबलची खाच. एम५०एक्सची केबल डाव्या कपात २.५ मिलिमीटरच्या पिनने जाते आणि थोडी फिरवली की लॉक होते. लॉक झाल्यावर सरळ ओढून ती निघता कामा नये. या नगात ती फिरायची, पण अडकायची नाही. मूळ पेटीत तीन केबल असतात: तीन मीटर सरळ, १.२ मीटर सरळ, आणि ताणल्यावर तीन मीटर होणारी गुंडाळीची. शिवाय ६.३ मिलिमीटरचा स्क्रूने बसणारा अ‍ॅडॉप्टर. तो नुसता ढकलून बसत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. केबलची संख्या मात्र पुरावा नाही, इथे तिन्ही होत्या.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं मोजमाप रोधाचं. दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या, २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा, तो नंतर वजा करायचा असतो. मग ३.५ मिलिमीटरच्या पिनच्या टोकावर एक प्रोब आणि पिनच्या मुळाशी असलेल्या लांब भागावर दुसरा : हा डावा चॅनल. मधली कडी आणि तोच लांब भाग : हा उजवा. मोजताना हेडफोन कानाला लावू नका, टक्क असा आवाज येतो. मीटर दाखवतो तो डीसी रोध, आणि तो छापील इम्पीडन्सच्या (ध्वनिसंकेताला होणाऱ्या एकूण विरोधाच्या) जवळपास किंवा जरा कमी असतो. लांब केबल असेल तर ओहम-दोन ओहम वाढतात. एम५०एक्सचं इम्पीडन्स ३८ ओहम, एमडीआर-७५०६चं ६३, सेनहायझर एचडी २५चं ७०. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचे ३२, ८० आणि २५० ओहमचे वेगवेगळे प्रकार आहेत, कपावर कुठला छापलाय ते बघून ताडा. या नगाचा डावा चॅनल ३१ आणि उजवा २८ दाखवत होता. छापील आकड्यापासून एवढं लांब, आणि डाव्या-उजव्यात तीन ओहमचा फरक. स्वस्त ड्रायव्हर बहुतेक ३२ ओहमच्या आसपासचे असतात, त्यामुळे ७५०६ किंवा एचडी २५ची नक्कल या चाचणीत लगेच उघडी पडते. एम५०एक्सच्या बाबतीत मूळ आकडाच ३८ असल्यामुळे इतर खुणाही सोबत पाहाव्या लागतात.

चौथी चाचणी जोडणीची. एकाच माणसाचा मोनो आवाज लावा, आकाशवाणीच्या बातम्या उत्तम. आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. तो दोन्ही बाजूंना पसरला आणि बास पातळ झाला, तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट जोडल्या आहेत. नकलांमध्ये हे होतं, आणि गाणं ऐकताना चटकन लक्षात येत नाही. त्यानंतर २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर हळू आवाजात वाजवा. कुठे खरखर आली तर लगेच नक्कल ठरवू नका, ड्रायव्हरच्या पडद्याला टेकलेल्या एका केसानेही असा आवाज येतो, अगदी अस्सल नगात. केस काढून पुन्हा ऐका. चष्मा लावणाऱ्यांनी ही चाचणी चष्मा काढून करावी, दांडीमुळे कुशनला फट राहिली की क्लोज्ड-बॅकचा बास हमखास गळतो.

पेटी, होलोग्राम, क्यूआर कोड यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. ते सगळं छापता येतं. आयात केलेल्या मालाच्या पेटीवर मात्र एक लेबल वेगळं बघण्यासारखं असतं. लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजनमापे कायद्याच्या) २०११ च्या नियमांनुसार त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. या पेटीवर ते लेबलच नव्हतं. लेबल नाही म्हणजे माल खोटाच असं नाही. कुणी परदेशातून स्वतःसाठी आणलेल्या अस्सल नगावरही ते नसतं. पण त्या नगाला भारतात वॉरंटी मिळेलच असं धरून चालू नका. 'दुबईहून आणलंय' ही गोष्ट सांगितली जाते तीही याच लेबलाची अनुपस्थिती झाकायला.

बिलाचा फोटोही दाखवला गेला होता, आणि तो वाचला असता तर पैसे वाचले असते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे धंद्याचा पॅन. बिलावर दिल्लीच्या दुकानाचा पत्ता आणि क्रमांकाची सुरुवात २७ ने. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव आणि स्थिती दिसते, लॉगिन लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव बिलावरच्या नावाशी जुळत नसेल, तर तिथेच थांबा.

ब्लूटूथ हेडफोनच्या नकला जास्त चलाख असतात, कारण फोनवर दिसणारं नाव चिपमध्ये काहीही भरता येतं. 'डब्ल्यूएच-१०००एक्सएम४' असं नाव दिसलं म्हणजे सोनीचा हेडफोन जोडला गेला असं होत नाही. कंपनीचं अधिकृत अ‍ॅप उघडा. हेडफोन ओळखला गेला, इक्वलायझर चालला आणि फर्मवेअरची आवृत्ती दिसली, तर बरंच काही सिद्ध होतं. अँड्रॉइड फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन एलडीएसी हा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत) मिळतो का पाहा, एक्सएम४ मध्ये तो आहे. वाजत असताना कानावरून हेडफोन काढला की गाणं थांबायला हवं. वजन २५४ ग्रॅम. नॉइज कॅन्सलिंग तपासायला चालू पंख्याजवळ किंवा फ्रीजजवळ उभे राहा. अस्सल यंत्रणा घुमणारा खालचा आवाज स्पष्ट कापते. नकलेत बटण दाबल्यावर नुसती सूचना ऐकू येते किंवा हलकी सूं वाढते. भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस हेडफोनला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणीही लागते. पेटीवर किंवा उत्पादनावर आर- ने सुरू होणारा क्रमांक शोधा आणि बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. कुठल्या कंपनीच्या नावावर, कुठल्या उत्पादनासाठी नोंद आहे ते समोर येतं. दुसऱ्याच उत्पादनाचा क्रमांक छापलेला सापडणं दुर्मीळ नाही. तारेच्या हेडफोनला ही नोंदणी नसते, तिथे क्रमांक नाही म्हणून घाबरू नका.

नक्कल नसतानाही गैरमाहिती देऊन माल गळ्यात मारला जातो. डीटी ७७० प्रोचा २५० ओहमचा प्रकार 'हाच टॉप मॉडेल' म्हणून मोबाईलवर ऐकणाऱ्याला विकतात. त्याची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. मोबाईलचा डाँगल (फोनला हेडफोनची पिन जोडणारा छोटा तुकडा) अर्धा व्होल्ट देत असेल तर २५० ओहममध्ये बरोबर १ मिलिवॅट जातो, म्हणजे कमाल ९६ डेसिबल. आजचं सिनेगीत त्यात चालून जाईल. पण मंद पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला ख्याल ऐकताना आवाज पूर्ण वाढवूनही आलाप पुसट राहील. हा प्रकार घरी, वेगळ्या हेडफोन अ‍ॅम्पवर किंवा ऑडिओ इंटरफेसवर वापरणाऱ्यासाठी आहे. फोन आणि लोकलच्या प्रवासासाठी ३२ ओहमचा, दोन्हीकडे वापरायचा तर ८० ओहमचा घ्या. ८० ओहमची केबल तीन मीटर आणि न निघणारी असते, खिशातल्या फोनला ती त्रासदायक होते. दुकानदार हे सांगत नाही आणि पेटी उघडल्यावर परत घेत नाही, म्हणून तुम्हीच आधी विचारून घ्या.

दुकानात जाऊन घेणं अजूनही चांगलं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो की पुण्यात तापकीर गल्लीत, पण पक्कं बिल घ्या. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे वाक्य आलं की जीएसटीचे १८ टक्के वाचत नाहीत, तुमचा पुरावा जातो. बिलावर नुसतं 'हेडफोन' नको, पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. पेटीवरचा आणि नगावरचा अनुक्रमांक तिथेच जुळवा. 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी', 'सेव्हन ए' हे सगळे ड्युप्लिकेटचेच दर्जे आहेत, ओरिजिनलचे नाहीत.

ऑनलाइन घेताना मोठ्या संकेतस्थळाचं नाव पाहून निर्धास्त होऊ नका, खाली विक्रेत्याचं नाव कुणाचं आहे ते वाचा आणि ब्रँडच्या संकेतस्थळावरच्या भारतातल्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीशी ताडा. आधीच्या ग्राहकाने अस्सल ठेवून घेतलेला आणि पेटीत नक्कल भरून परत केलेला नगही नवा म्हणून येऊ शकतो. म्हणून पार्सलच्या पत्त्याच्या लेबलापासून अनुक्रमांकापर्यंत एकही कट नसलेला व्हिडिओ काढा. ओपन-बॉक्स डिलिव्हरी (पेटी दारातच उघडून दाखवणारी) असेल तर नग पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका. वर सांगितलेल्या चाचण्या परत करण्याची मुदत संपायच्या आत, शक्यतो त्याच दिवशी करा आणि काटा व मीटरचे फोटो ठेवा. पुढच्या तक्रारीत ते लागतात.

फसल्याचं लक्षात आलं तर क्रम महत्त्वाचा. यूपीआयने किंवा कार्डाने अनोळखी व्यक्तीला पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी कळवणं. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. तक्रारीत व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, विकणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट द्या, चॅट डिलीट करू नका. पोलिसांत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आणि खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. परताव्यासाठी कुणी यूपीआय पिन मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितली, तर तो दुसरा ठग आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

माल दुकानातून किंवा संकेतस्थळावरून घेतला असेल तर रस्ता वेगळा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तेवढ्याने हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ती ऑनलाइन दाखल करता येते. या विद्यार्थ्याला तो रस्ता खुला नव्हता, कारण समोर व्यापारी नव्हता, जाहिरात देणारी एक खासगी व्यक्ती होती. पहिल्या तासात १९३० ला केलेला फोन हाच अशा व्यवहारातला पैसे अडवण्याचा खरा मार्ग उरतो. त्याला खोटेपणा चार दिवसांनी कळला.