राजवाडा की सुपर कॉरिडॉर: गाडीला तिची जागा कोण सांगणार?

शेवटच्या वर्षाला स्वतः चालणारी गाडी करायची म्हटली, की इंदूरच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: आरटीके (जीपीएसची चूक सेंटिमीटरांवर आणणारी पद्धत) घ्यायचं का? आधी गाडी कुठे फिरणार ते ठरवा, खरेदी मग.

सुपर कॉरिडॉरसारखं मोकळं आकाश असेल तर आरटीकेला तोड नाही. जागा पक्की ठाऊक असलेल्या बेस स्टेशनकडून दुरुस्त्या येतात आणि गाडीवरचा रिसीव्हर उपग्रहाच्या लहरीची फेजच, म्हणजे लहरीचा नेमका कितवा भाग आला तेच, मोजतो. एल१ या जीपीएसच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीची लहर जेमतेम १९ सेंटिमीटरची, त्यामुळे चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. पण ‘फिक्स’, म्हणजे मधल्या पूर्ण लहरींची पक्की मोजणी, टिकला तर! राजवाड्याजवळच्या सराफ्याच्या गल्ल्यांत तो टिकणं कठीण. तिथे आकाश म्हणजे डोक्यावरची एक पट्टी; उपग्रह दिसतात ते गल्लीच्या पुढे-मागे, बाजूचे सगळे इमारतींआड. गाडी गल्लीत किती पुढे आली हे बऱ्यापैकी कळतं, पण नकाशावरचा ठिपका आडवा सरकून सरळ दुकानात घुसतो. महागडा रिसीव्हरही इथे हात टेकतो.

साधा जीपीएस की दोन फ्रिक्वेन्सींचा, यात मात्र घोळ घालू नका, दोनवालाच घ्या. ११७६.४५ मेगाहर्ट्‌झच्या एल५ या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा कोड (सिग्नलमधला ठरावीक नमुना) एल१च्या नेहमीच्या कोडच्या दसपट वेगाचा, म्हणून भिंतीवर आपटून उशिरा आलेला सिग्नल वेगळा काढणं सोपं जातं. आपला नाविकही (भारताची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा) याच फ्रिक्वेन्सीवर आहे. शिवाय आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) दाट पट्टा कर्कवृत्ताच्या आसपास, म्हणजे आपल्याच डोक्यावर येतो. त्याने होणारा उशीर दोन फ्रिक्वेन्सींच्या फरकातून वजा करता येतो. सूर्यास्तानंतरचं सिंटिलेशन, म्हणजे सिग्नलची लुकलुक, मात्र त्याने जात नाही. ते जोरात असतं त्या मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्रीचा डेमो ठेवून परीक्षकांना बोलावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तळघरातल्या पार्किंगमध्ये उपग्रहांचं नावच नको. तिथे यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ). सिग्नलला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटर. दहा-वीस सेंटिमीटरची अचूकता मिळते, पण अँकर, म्हणजे ठरलेल्या जागी बसवलेली यूडब्ल्यूबी यंत्रं, तुम्हालाच ठोकावे लागतात, आणि मध्ये काँक्रीटचा खांब आला की अंतर वाढूनच दिसतं.

राहिला ७७ गिगाहर्ट्‌झचा रडार. त्याचं काम वेगळं: आजूबाजूला काय आहे ते सांगणं. धूळ, पाऊस, अंधार त्याला चालतो, समोरच्याचा वेगही डॉपलरवरून (परतलेल्या लहरीच्या बदललेल्या फ्रिक्वेन्सीवरून) थेट कळतो. पण भिंतीला खेटून उभा असलेला हातठेला भिंतीतच मिसळून जातो, म्हणून जोडीला कॅमेरा हवाच. पैसे कमी पडत असतील तर आरटीके सोडा, कॅमेरा सोडू नका.