काळे आधी की कासार? पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी निवडताना

नव्या कामाला डेटाबेस (माहिती टेबलांत साठवणारं सॉफ्टवेअर) कोणता घेऊ, असं कोणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारतो. नावं मराठीत साठवणार का? आणि चालवणार कुठे?

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची सभासदयादी मी मायएसक्यूएलवर बसवली होती. छापील प्रत पाहून ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, काळे कासारांच्या आधी कसे आले?" बरोबर होतं त्यांचं. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या, सर्वसाधारण क्रमात तो 'ल'च्या लगेच नंतर. मायएसक्यूएल ८ मध्ये स्वीडिश, तुर्की, व्हिएतनामी क्रम आहेत, मराठीचा नाही. पोस्टग्रेसही आपणहून नीट लावत नाही, पण कॉलमला 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन (अक्षरं लावण्याचा नियम) दिलं की कासार आधी, काळे नंतर. ज्या याद्या माणसं वाचतात, हजेरी, मतदारयादी, सभासदयादी, तिथे एवढ्यावरच माझा कौल पोस्टग्रेसला.

दुसरं कारण टेबलांच्या रचनेचं. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची रचना बदलणारे पाच 'ऑल्टर टेबल' आदेश एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होतील किंवा एकही नाही अशा गठ्ठ्यात, घालता येतात. चौथा फसला तर रोलबॅक, सगळं जसंच्या तसं. मायएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक आदेश आपोआप कमिट, म्हणजे लगेच कायम, होतो. अर्धी बदललेली टेबलं रात्री साडेअकराला हाताने पूर्ववत करणं काय असतं, ते मी केलंय. शिवाय ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल 'चेक'ची अट (कॉलममध्ये कोणती किंमत चालेल हे सांगणारी) मुकाट्याने स्वीकारायचं आणि पाळायचं नाही. पतसंस्थेची शिल्लक ऋण होऊ नये म्हणून अट लिहिली असेल आणि सर्व्हर जुना असेल, तर आजच तपासा.

मायएसक्यूएल कधी घ्यावं? वर्डप्रेसवर बनवलेली वेबसाइट असेल, किंवा स्वस्त शेअर्ड होस्टिंग (अनेकांनी मिळून वापरायचा भाड्याचा सर्व्हर) असेल, तर विचार करत बसू नका. पोस्टग्रेसची निगाही थोडी जास्त आहे. प्रत्येक कनेक्शनला तिथे वेगळी प्रोसेस लागते, म्हणून गर्दी वाढली की पुढे पीजीबाउन्सर, म्हणजे थोडीच कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम, बसवावा लागतो. ओळ अपडेट केली की जुनी प्रत मागे पडून राहते. ती साफ करणारं ऑटोव्हॅक्यूम कृपया बंद करू नका.

मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलचीच २००९ मध्ये फुटलेली शाखा, मूळ निर्मात्यांपैकी माँटी विडेनियस यांनी काढलेली. बऱ्याच होस्टिंगवर मायएसक्यूएल म्हणून हीच मिळते. पण दोघांच्या वाटा आता वेगळ्या झाल्यात. मायएसक्यूएल ८ चं ठरलेलं कोलेशन मारियाडीबीच्या अनेक आवृत्त्यांना ओळखताच येत नाही, त्यामुळे एकाचा बॅकअप दुसऱ्यावर चढवताना आधी चाचणी घ्या.

आणि एकाच मेजावरचा एकच संगणक असेल, तर सर्व्हरच कशाला? एसक्यूलाइटची एक फाइल पुरते. एका वेळी एकच जण लिहू शकतो, एवढं लक्षात ठेवा, आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.