रिफ्लेक्टरमधला पांढरा पडदा
फोटो काढताना प्रकाश वळवायला वापरायच्या, घडी होणाऱ्या, ११० सेंटिमीटर व्यासाच्या ‘फाइव्ह-इन-वन’ (एकात पाच) रिफ्लेक्टरमधील सोनेरी, चंदेरी, पांढऱ्या आणि काळ्या बाजूंपेक्षा त्याच्या गाभ्यातला अर्धपारदर्शक पडदाच मला अधिक मोलाचा वाटतो. भर दुपारच्या उन्हात तो सूर्य आणि चेहरा यांच्यामध्ये, फोटोच्या चौकटीच्या जेमतेम बाहेर, चेहऱ्याच्या शक्य तितका जवळ धरला, की डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या निवळतात, नाकाच्या सावलीची धारदार कड पुसट होते आणि पैठणीच्या पदरावरची जरीची वीण चकाकीत हरवत नाही. मात्र पडदा दूर नेला, की प्रकाश पुन्हा कडक होऊ लागतो. प्रकाश साधारण एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, घटत असल्याने तेवढे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) वाढवावे लागते. सोनेरी बाजू गव्हाळ त्वचेवर पिवळट झाक आणते, म्हणून ती मी वापरतच नाही. वाऱ्यात धरायला मदतनीस हवाच.