हातात आणून देणं की हाताशी ठेवणं?

आईवडील थकायला लागले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता त्यांनी काही करायचं नाही, सगळं आपण करू. दुसरा म्हणतो, घर असं लावू की त्यांचं त्यांना करता येईल. पाहणाऱ्याला पहिल्यात माया दिसते, दुसऱ्यात कोरडेपणा.

पहिली पद्धत झटपट आहे, हे कबूल. वडिलांना शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं लागतात, आपण अर्ध्या मिनिटात लावून मोकळे होतो. पण तेवढीच काय ती बोटांना सवय असते. ती मोडली की बटण खरंच लागेनासं होतं, आणि मग आपणच म्हणतो, "बघा, जमतच नाही त्यांना!"

शरीराला विश्रांती किती महाग पडते पाहा. 2007 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं मांस जवळजवळ एक किलोने घटलं. उलट 1994 साली डॉक्टर मारिया फियातारोन यांच्या प्रयोगात सरासरी 87 वर्षांच्या वृद्धाश्रमवासीयांनी 10 आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम केला आणि त्यांची ताकद दुपटीवर गेली. सत्त्याऐंशीव्या वर्षी!

पडण्याची भीती खोटी नाही. पण बसवून ठेवल्याने पाय आणखी लुळे पडतात आणि धोका वाढतोच. त्यापेक्षा बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री वाटेवर दिवा, हातांची जरा उंच खुर्ची. उठताना दंड धरून ओढू नका. त्यांना खुर्चीच्या कडेला सरकू द्या, पावलं मागे घेऊ द्या, हातांवर रेटा देऊन उठू द्या. आपण शेजारी उभं राहायचं, एवढंच. हे बघत राहणं करण्यापेक्षा अवघड असतं.

गोळ्यांची सरमिसळ होऊ लागली किंवा गॅस चालू राहू लागला, तर मात्र पहिला पक्ष बरोबर. तिथे हट्ट नको. फक्त गोळ्या हातात घेतल्या म्हणून बँकेचं पासबुकही काढून घ्यायचं, हे सर्रास होतं आणि ते चूक.

आमच्याकडे हा वाद आठवडाभर चालला. शेवटी कुणाला तरी आईलाच विचारायचं सुचलं. तिला मदतनीस नको होती. वरच्या फळीवरचे रोजचे डबे खाली हवे होते.