काडतूस भरायची मशीन आणि तिच्या नावाखाली होणारी लूट

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उलथून टाकतो. तुरीत रोही (नीलगायी) शिरले की शेंडे राहत नाहीत. जागलीला जाणाऱ्या एखाद्याच्या घरी वडिलांपासून चालत आलेली बाराबोर बंदूक असते, परवानाही असतो, पण काडतुसं महाग आणि दुकान जिल्ह्याच्या गावी. नेमका अशाच माणसाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ येतो. टेबलावर हाताने दाबायची लोखंडी मशीन, बाजूला काडतुसांच्या रिकाम्या नळ्या, छर्रे, छोटा वजनकाटा, आणि मागून आवाज: "दादा, घरच्या घरी काडतूस भरा, दहा रुपयांत एक."

व्हिडिओतलं काम खोटं नसतं, फक्त ते इथलं नसतं. अमेरिकेसारख्या देशात वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं कायद्यात बसतं आणि तिथले नेमबाज ते वर्षानुवर्षं करतात. त्यांचं चित्रण उचलायचं, त्यावर मराठी बोलणं चढवायचं आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर द्यायचा, एवढीच ठगाची मेहनत. मशीन त्याच्याकडे नसते. बहुतेक वेळा त्याने ती डोळ्यांनी पाहिलेलीही नसते.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी हजार-दोन हजार 'बुकिंग'. मग पार्सल निघाल्याची पावती येते, तिच्यावर वाहतूक कंपनीचं चिन्ह असतं. दोन दिवसांनी फोन येतो की माल नाक्यावर अडकलाय, 'परमिट फी' भरा, ती नंतर परत मिळेल. त्यानंतर जीएसटी, मग विमा. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो आणि रक्कम दर वेळी थोडी वाढते. 'परतावा' देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतात. इथे एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा: कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही.

सगळ्यात घातक टप्पा शेवटी येतो. माणूस चिडून "पोलिसात जातो" म्हणाला की दुसऱ्या नंबरवरून व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी गणवेश, मागे कार्यालयाचा फलक. "तुम्ही काडतुसं बनवायचं सामान मागवलं. गुन्हा दाखल झालाय. मिटवायचं असेल तर इतके टाका." हा माणूस पोलीस नसतो, त्याच टोळीतला असतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, आणि खरा पोलीस यूपीआयवर पैसे घेऊन प्रकरण मिटवत नाही. पण भीतीला आधार असतो, म्हणून ही युक्ती चालते.

तो आधार काय, ते नीट समजून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या कलम २ मध्ये दिली आहे. त्या व्याख्येत तयार काडतूस तर येतंच, पण काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ज्याला विकणारा 'नुसती मशीन' म्हणतो, ती कायद्याच्या नजरेत दारूगोळाच आहे. बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, आणि तो नसताना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तुमच्या बंदुकीचा परवाना बाळगण्याचा आणि वापरण्याचा आहे, बनवण्याचा नाही. "परवानाधारकाला चालतं" हे वाक्य प्रत्येक ठग बोलतो आणि ते साफ खोटं आहे. लुटलेला माणूस तक्रारीला जाणार नाही, याच भरवशावर हा सगळा धंदा उभा आहे.

हिशेबानेही ही गोष्ट टिकत नाही. समजा मशीनचे पंधरा हजार दिले आणि दर काडतुसामागे पन्नास रुपये वाचले. पैसे वसूल व्हायला तीनशे काडतुसं उडवावी लागतील. पिकाच्या राखणीला वर्षाकाठी वीस लागतात असं धरलं तर पंधरा वर्षं. परदेशात हे परवडतं कारण तिथले नेमबाज मैदानावर एका दिवसात शेकड्याने बार टाकतात. आपल्याकडे तर परवान्यावरच किती काडतुसं घ्यायची त्याचा आकडा लिहिलेला असतो.

आता दुसरा प्रकार, जो ऑनलाईन नाही आणि म्हणून जास्त भुलवतो. आठवडी बाजाराच्या कडेला किंवा ढाब्यावर ओळखीतून ओळख काढून कुणीतरी भेटतो. "माल पुलगावचाच हाये दादा, ग्यारंटी आपली." कधी पुलगावचं नाव, कधी भद्रावतीचं, कधी भंडाऱ्याचं, कारण लष्करी भांडार आणि आयुध कारखाने इथे आहेत हे प्रत्येक वऱ्हाडी माणसाला माहीत आहे. त्या नावावर विश्वास बसतो. पण हे कारखाने आणि भांडार कुणाला रस्त्यावर बंदुकीची दारू विकत नाहीत, आणि तोफगोळ्याची दारू बाराबोरच्या नळीसाठी नसतेच. त्या पट्ट्यातल्या स्फोटकांशी खेळ किती महाग पडतो ते नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ दिसलं. जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि माणसं दगावली.

असा माणूस जे विकतो ती बहुधा उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळीत पुन्हा भरलेली काडतुसं असतात, कारखान्याच्या जुन्या डब्यात घालून. हा प्रकार जीव घेऊ शकतो, आणि त्याचं कारण दारूत आहे. प्रत्येक जातीची दारू वेगळ्या वेगाने जळते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन दारू त्याच मापाने भरल्या तरी एक छर्रे ढकलते आणि दुसरी बंदुकीची नळी फोडते. कमी भरली तरी धोका टळत नाही. बार 'फुस्स' होतो, आतली डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) बंदुकीच्या नळीत अडकते, मागून दुसरा बार टाकला की नळी फाटते आणि डावा हात तिथेच असतो. पावसाळ्यात ओल धरलेली दारू उशिरा पेटते. माणूस बार गेला नाही म्हणून बंदूक उघडायला जातो आणि तेवढ्यात ती उडते. म्हणून बार गेला नाही तर नळीचं तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं. आवाज दबका आला तर त्या दिवशी पुढचा बार टाकायचाच नाही.

पुन्हा भरलेलं काडतूस ओळखायला घाई लागत नाही, उजेड लागतो. पितळी बुडाच्या मधोमध दारू पेटवणारी छोटी टोपी असते. तिच्या कडेला ओरखडे असतील, ती बुडापेक्षा वर आलेली किंवा आत दबलेली असेल, तर शंका घ्या. पितळी कडेवर काडतूस बाहेर ओढणाऱ्या बंदुकीच्या भागाचे जुने खरचटे दिसले तर ते एकदा उडालेलं आहे. तोंडाच्या घड्या मऊ, चुरगळलेल्या, मेणाने किंवा डिंकाने चिकटवलेल्या असतात. कारखान्याच्या घड्या ताठ आणि एकसारख्या असतात. एकाच डब्यातल्या काडतुसांवर वेगवेगळा रंग किंवा छाप असेल तर तो डबा गोळा केलेला आहे. शंका आली की ते उडवून बघू नका, उघडू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. घरात लपवूनही ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि ते सांगतील तसं जमा करा.

खऱ्या खरेदीची खूण सोपी आहे. परवानाधारक दुकानदार परवाना हातात घेतल्याशिवाय काडतूस दाखवत नाही, विकलेली संख्या आणि तारीख परवान्यावर नोंदवून सही-शिक्का मारतो आणि बिल देतो. तो टपालाने किंवा कुरिअरने काडतूस पाठवत नाही. "नोंद नको, बिल नको, म्हणून स्वस्त" असं कुणी म्हणालं की तिथूनच परत फिरा. नोंद नसलेलं काडतूस तपासणीत सापडलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, विकणारा तोवर गायब असतो.

आणि डुकरासाठीच हा सगळा खटाटोप असेल तर हेही लक्षात असू द्या की बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ती वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते. पीक गेलं असेल तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत उलथलेलं शेत तसंच ठेवा आणि फोटो काढा. हे पैसे हक्काचे आहेत, आणि लाजून किंवा कंटाळून ते सोडणारे शेतकरी गावोगावी आहेत.

पैसे गेलेच असतील तर पहिले काही तास मोलाचे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरवर फोन लावा, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते गोठवता येतात. ठग व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुसतो, म्हणून आधी सगळ्या गप्पांचे, नंबरचे आणि पावत्यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. आपण काय मागवलं होतं हे सांगायची भीती वाटत असेल तर १५१०० या विधी सेवेच्या नंबरवर किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत आधी वकिलाशी बोला. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल, किंवा तक्रारदार महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर वकील मोफत मिळतो. खरं तेच सांगा. पार्सल प्रत्यक्ष आलं असेल तर तेही लपवू नका, वकिलाला सोबत घेऊन ठाण्यात जमा करा आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नका.