बेसिनच्या नळीवर चाललेली थार

आधीच कबूल करतो, यात थोडा गाढवपणा माझाही आहे. साडेअठरा हजार रुपये मोजले आणि काम होताना समोर उभा राहिलो नाही.

मे महिन्यात माझ्या डिझेल थारला स्नॉर्कल, म्हणजे खोल पाण्यातही इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा मिळावी म्हणून लावतात तो पाइप, बसवायचं ठरवलं. पुण्यातलं एक गॅरेज, भिंतीवर चिखलाने माखलेल्या जीपांचे फोटो, मालक बोलायला गोड. "साहेब, छातीएवढ्या पाण्यात बिनधास्त घाला." स्नॉर्कलवर ऑस्ट्रेलियन कंपनीचं स्टिकर होतं. मला दुपारी जेवून यायला सांगितलं. दोन तासांनी आलो तर गाडी तयार! बॉनेटच्या कडेने छतापर्यंत गेलेला काळा पाइप बघून मी इतका खूश झालो, की पाइप आत कुठे जातो हे विचारायचं सुचलंच नाही.

नीट केलं तर हे काम जवळजवळ दिवसभराचं आहे. टेम्प्लेट चिकटवायचं, मडगार्डला आधी बारीक भोकं पाडून मग मोठं भोक कापायचं, कापलेल्या कडा घासून प्रायमर लावायचा, एकदा कोरडं बसवून बघायचं. मग स्नॉर्कलपासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जाड रबरी किंवा सिलिकॉनची नळी क्लिपांनी आवळायची, प्रत्येक जोड सील करायचा. डब्याच्या तळाशी पाणी निथळायला भोक असतं, त्याचाही बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर पाणी तिथूनच वर चढतं. बाहेर दिसणारा पाइप ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. खरं काम मडगार्डच्या आत असतं आणि प्लॅस्टिकचं अस्तर परत बसवलं की ते कुणालाच दिसत नाही. गॅरेजवाल्याचा सगळा धंदा त्या अस्तरामागे चालतो.

जूनमध्ये भोरहून वरंधा घाट चढताना पहिली शंका आली. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गुदमरल्यासारखी करायची आणि मागे काळा धूर. गॅरेजवाला म्हणाला फिल्टर चोक आहे, आणि बावनशे रुपयांचा तेल लावलेला 'हाय फ्लो' फिल्टर गळ्यात मारला. फरक शून्य. मग म्हणाला, हवा वाढलीय, आता ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप करावा लागेल, त्याचं सेटिंग बदलायला बावीस हजार. तिथे मात्र मी थांबलो. शहाणपणाने नव्हे, पैसे नव्हते म्हणून.

जुलैत वेल्ह्याकडे जाताना एका ओढ्यावरचा बुटका फरशी पूल लागला. पाणी बंपरच्या खालच्या कडेला टेकत होतं. या गाडीला कंपनीने दिलेली मर्यादाच 650 मिलिमीटर आहे, म्हणजे मांडीला लागेल एवढं पाणी. हे त्याहून कमी होतं, वर स्नॉर्कल. फर्स्ट गिअर, लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचा जास्त ताकदीचा, हळू चालणारा गिअर), सावकाश. मध्यावर इंजिनाने एक आचका दिला आणि बंद. आणि मी काय केलं? दोनदा स्टार्टर मारला. दुसऱ्या वेळी आतून 'टक्' असा आवाज आला, तो अजून कानात आहे.

ट्रॅक्टरने ओढून गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बंद पडल्यावर स्टार्टर मारला का?" मी गप्प. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉडच वाकतो. माझ्या दोन सिलिंडरचे वाकले. मग मिस्त्रींनी अस्तर काढलं आणि मला हाक मारली. स्नॉर्कल आणि फिल्टरचा डबा यांच्या मध्ये वॉश बेसिनखाली लावतात ती घडीघडीची प्लॅस्टिकची नळी होती, वर काळी टेप गुंडाळलेली. इंजिनाच्या उष्णतेने मऊ झालेली, ओढ लागली की चपटी होणारी. घाटात गाडी गुदमरत होती ती यामुळे. टेप सुटून नळी मडगार्डच्या आत खाली लोंबत होती आणि तिचं तोंड गाडीच्या मूळ हवेच्या तोंडापेक्षा वीतभर खाली आलं होतं. म्हणजे स्नॉर्कल नसता तर त्या दिवशी गाडी आरामात पार झाली असती. कापलेल्या पत्र्याच्या कडेला दोन महिन्यांतच गंज धरला होता तो वेगळाच.

इंजिनाचा खर्च एक लाख बेचाळीस हजार. विम्यात इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं होतं, पण सर्व्हेअरने मडगार्डचं भोक बघितलं आणि विचारलं, हा बदल विमा कंपनीला कळवला होता का? नव्हता. दावा फेटाळला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय, हे मला तेव्हा कळलं. गॅरेजवाल्याला ते नक्की ठाऊक असणार, कारण त्याच्या बिलावर 'स्नॉर्कल' हा शब्दच नाही. 'सीट कव्हर व ॲक्सेसरीज' असं लिहिलंय. पैसेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेलेत.

एवढं वाचूनही ज्याला बसवायचाच आहे त्याने पैसे देण्याआधी एक करावं. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवायचं आणि स्नॉर्कलचं तोंड तळहाताने पूर्ण झाकायचं. हाताला ओढ लागून काही सेकंदांत इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर ते दुसरीकडून कुठूनतरी हवा खातंय, आणि जिथून हवा जाते तिथून पाणीही जाणार. अस्तर बसवण्याआधी आतल्या जोडांचे फोटो काढून घ्या. 'चहा घेऊन या साहेब' म्हणाले तर चहा तिथेच मागवा. आणि स्नॉर्कल अगदी चोख बसला तरी गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अल्टरनेटर यांना पाण्याचं भय तेवढंच राहतं. छातीएवढं पाणी ही निव्वळ थाप आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, तिथेही कागद तयार करतोय. ती नळी टेपसकट पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. काल सहज त्या गॅरेजवाल्याचं व्हॉट्सॲप स्टेटस बघितलं. नवीन ऑफर आहे, पावसाळी सवलत, आणि फोटो माझ्याच गाडीचा.